खारूताईचं पॅकेज

सोमवारी सकाळी साडेदहाला वन्सं मोठ्याने हसल्या, आणि छापखान्यातली कामं जागच्या जागी थांबली. वन्सं कामावर हसत नसत. अंध मुलांच्या शाळेच्या मागच्या अंगाला ब्रेल छपाईच्या दोन खोल्या होत्या. तिथे सत्तावीस वर्षं त्या मुद्रितशोधक होत्या. जन्मापासून दृष्टी नाही, पण बोटं अशी की उठवलेल्या कागदावर एक ठिपका अर्ध्या केसाने चुकला तरी पान परत यायचं. पान परत करताना त्या फक्त "हं" म्हणायच्या. त्या "हं"ला यंत्रवाले काकासुद्धा टरकून असत.

"वहिनी, इकडे ये," वन्सं म्हणाल्या. "गणिताच्या पेपरात तू काय कविता छापायला घेतलीस काय गं?"

वहिनी म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. छापखान्यातला कॉम्प्युटरचा सगळा कारभार तिच्याकडे होता. वन्सं तिला वहिनी म्हणतात म्हणून हळूहळू सगळेच म्हणायला लागले. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले मुख्याध्यापकही म्हणायचे. ती लगबगीने आतल्या खोलीत गेली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिथल्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, आणि गाद्यांच्या मधोमध ठिपके उठवणारं यंत्र नुकतंच दम घेत उभं होतं.

"ऐक," म्हणत वन्संनी कागदावर बोटं टेकवली. "प्रश्न पहिला. बेरीज करा. बच अधिक अद."

"काय?"

"बच अधिक अद. पुढे ऐक. एका टाकीत दजज लिटर पाणी आहे. त्यातलं रोज बए लिटर वापरलं, तर ते किती दिवस पुरेल? आता तूच सांग, किती दिवस पुरेल?"

यंत्रवाले काका फिस्सकन हसले. वहिनी मात्र हसली नाही. काय झालंय ते तिला ऐकता ऐकताच कळलं होतं. ब्रेलमध्ये आकड्यांना वेगळे ठिपके नसतात. अक्षरांचेच ठिपके आकड्यांसाठी वापरतात आणि त्यांच्या आधी एक खूण लावतात, पुढे आकडा आहे असं सांगणारी. खूण असली की एक, नसली की अ. खूण असली की दोन, नसली की ब. इथे प्रत्येक आकड्याची खूणच गायब होती. तेवीस अधिक चौदाचं बच अधिक अद झालं होतं.

पुढच्या सोमवारी वार्षिक परीक्षेतला गणिताचा पेपर होता. एकतीस मुलं बसणार होती.

मुख्याध्यापकांनाही दिसत नव्हतं. ते आले, पानावरून स्वतः बोटं फिरवली आणि खुर्चीत बसले. "वहिनी, गेल्या महिन्यात तर सगळं ठीक चालू होतं. मध्येच कोणी हात लावला?"

"सर, प्रोग्रामला कोणीच हात लावला नाही. पण जुना कॉम्प्युटर गेला ना? गेल्या आठवड्यात नवा आला, त्यावर मी सगळं नव्याने बसवलं. नव्याने बसवलं म्हणूनच झालं हे."

"तेच बसवलंस ना पण?"

"तेच," वहिनी म्हणाली आणि जरा घुटमळली. "नावं तीच. आतली माणसं बदलली."

मग तिने दोघांना चहा दिला आणि नीट बसून सांगितलं. आपला प्रोग्राम तिने लिहिला हे खरं, पण अथपासून इतिपर्यंत नाही. तसा कोणीच लिहीत नाही. मजकुराचं ब्रेल करण्याचं काम करणारं एक तयार पॅकेज होतं, ते तिने घेतलं. यंत्राशी बोलणारं दुसरं पॅकेज यंत्राच्या कंपनीने दिलं होतं. पण त्या पॅकेजांनीही आपापली बारीकसारीक कामं तिसऱ्यांकडून करून घेतली होती, तिसऱ्यांनी चौथ्यांकडून. ही सगळी पॅकेजं एका सार्वजनिक भांडारात असतात, इंटरनेटवर. आपण फक्त यादी द्यायची, की मागचा सगळा गोतावळा आपोआप उतरतो.

"किती जण उतरले?" वन्संनी विचारलं.

"मी नऊ मागितले होते. आले दोनशे चौदा."

"अगंबाई! नऊ पत्रिका वाटल्या आणि दोनशे चौदा जण जेवायला!"

"त्यातल्या निम्म्यांची तर मला नावंही माहीत नाहीत, वन्सं. कोण कोणाच्या बाजूचं, कुणास ठाऊक. नवऱ्याच्या मावसबहिणीच्या दिराचा मेहुणा, असं ते नातं. आणि माझं चुकलं ते इथेच. सहा वर्षांपूर्वी मी यादीत नुसती नावं लिहिली. कोणाची कितवी आवृत्ती ते टिपून ठेवलं नाही. त्यासाठी एक लॉक फाइल असते. त्यात प्रत्येकाची नेमकी आवृत्ती नोंदवलेली असते, मग नव्या कॉम्प्युटरवरही अगदी तीच माणसं येतात. मी ती ठेवलीच नाही. जुन्या कॉम्प्युटरची डिस्कही जळली, त्यामुळे तिथे काय काय होतं ते आता कोणाला विचारू?"

वन्संनी चहाचा घोट घेतला. "बरं, रडू नकोस. त्या दोनशे चौदांतला चोर शोध."

चोर मंगळवारी दुपारी सापडला. ब्रेल करणारं पॅकेज आकड्यांसाठी 'अंकखूण' नावाच्या एका चिमुकल्या पॅकेजकडे जात होतं. सगळा मिळून सव्वाशे ओळींचा कोड. काम एकच, आकडा दिसला की त्याचे ठिपके द्यायचे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत खूण आपोआप लागत होती. दुसऱ्या आवृत्तीत ती मागितल्याशिवाय लागत नव्हती. शेजारी लेखकाचं नाव होतं, खारूताई.

"बघितलंस? बाईच निघाली," वन्सं म्हणाल्या. "आणि न सांगता सवरता बदलून मोकळी झाली!"

"न सांगता नाही हो. उलट तिने सगळं रीतसर केलंय. आवृत्तीत तीन आकडे असतात. शेवटचा वाढला तर नुसती चूक दुरुस्त झाली. मधला वाढला तर नवी सोय आली, जुनं शाबूत. पण पहिला वाढला तर समजायचं, सावध, जुनं काहीतरी मोडणार आहे. तिने पहिलाच आकडा वाढवला, एकचा दोन केला. वर चिठ्ठीही लिहिली, की यापुढे खूण हवी असेल तर तसं सांगा म्हणून. पण ब्रेल करणाऱ्या पॅकेजने लिहून ठेवलंय, अंकखूण हवं, कुठलीही आवृत्ती चालेल."

"कुठलीही चालेल म्हणणाऱ्याला कुठलीही मिळते. मग जुनी आवृत्ती घे ना, एक नंबरची."

वहिनीने तेही करून पाहिलं होतं. एक नंबर घेतल्याबरोबर यंत्राचं पॅकेज अडून बसलं. त्यालाही अंकखूण लागत होतं, पण दोन किंवा त्यावरचंच. दशांश चिन्हाची सोय दोनमध्ये आली होती. एका घरात एकाच नावाची दोन माणसं ठेवायची सोय नव्हती. मग तिने हिय्या करून दोन नंबरचा कोड स्वतःच उघडला आणि खूण परत लावली. बेरजा सुधारल्या, पण साडेतीन लिहिलं की खूण दोनदा यायला लागली. ती सुधारली तर तारखा बिघडल्या. ब्रेल करणारं पॅकेज सांभाळणारी मंडळी मोठी होती, कामात बुडालेली. त्यांना कळवलं तर महिनाभर तरी उत्तर येणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत वहिनीने हात टेकले.

तिने खारूताईंना ईमेलने पत्र लिहिलं. 'प्रिय खारूताई, तुम्ही मला ओळखत नाही.' उत्तर आलं नाही. बुधवारी सकाळी दुसरं लिहिलं, दुपारी तिसरं. तिसऱ्यात तिने एकतीस मुलं, पेपर, सगळं लिहिलं. तेही तसंच गेलं. दुसऱ्या गावातल्या एका ब्रेल छापखान्याला तिने फोन केला. त्यांनी अजून काहीच नव्याने बसवलं नव्हतं. "मग कशाला हात लावू नका!" ती इतक्या जोरात ओरडली, की पलीकडचा माणूस घाबरून कीबोर्डपासून लांब सरकला असावा.

"पेपर हाताने टोचू," वन्सं म्हणाल्या. "ब्रेलची पाटी आणि टोचणी घेऊन बसते मी. आणखी दोघी येतील."

"एकतीस पेपर, प्रत्येकी अकरा पानं, वन्सं. आणि आपला पेपर निभावला तरी बाकीच्यांचं काय? उद्या कुठेतरी कोणीतरी नवा कॉम्प्युटर घेणार आणि त्यांच्याकडे हसायला वन्सं नसणार."

वन्संना हे आवडलं. दाखवलं मात्र नाही. "त्या खारूताईने चिठ्ठी लिहिलीय म्हणालीस ना? सगळी वाच. पहिल्यापासून."

वहिनीने वाचली. अगदी तळाशी, जिथे लोक सहसा परवाना आणि आभार लिहितात, तिथे एक ओळ होती. 'काही अडचण आल्यास दुकानात या. दुपारी तीननंतर असतो.' खाली पत्ता होता. बसने दोन तासांवरचं गाव.

"'असतो' लिहिलंय का 'असते'?" वन्संनी विचारलं.

"असतो. घाईत चुकलं असेल."

"मुद्रितशोधक कोण आहे इथे, तू का मी?" वन्सं उठल्या आणि खुंटीवरची काठी घेतली. "उद्या बाराची बस. डबा मी करते."

गुरुवारी दोघी निघाल्या. वन्संनी उकडलेली अंडी आणि पाव बांधून घेतले होते, आणि बस शहराबाहेर पडायच्या आत ते संपवलेसुद्धा. कितीतरी दिवसांनी दोघी अशा नुसत्याच बाहेर पडल्या होत्या. वाटेत वन्संनी भावाच्या लहानपणीच्या अशा काही गोष्टी सांगितल्या, की वहिनीला हसून हसून ठसका लागला आणि पुढच्या बाकावरच्या अनोळखी बाईने मागे वळून, "मग पुढे काय झालं?" असं विचारलं.

पत्ता बरोबर निघाला. पण दुकान म्हणजे एक लांबलचक शेड होती आणि दारावर पाटी होती, 'लिफ्ट दुरुस्ती व देखभाल'. आत मोटारी, तारेची भेंडोळी, भिंतीला टेकवलेले दरवाजे. एका कोपऱ्यात लोखंडी सांगाड्यात एक खरीखुरी लिफ्ट उभी होती. वर छपरापर्यंत जायची आणि तिथून परत खाली यायची, दुसरीकडे कुठे नाही. चाचणीची लिफ्ट.

सहा फूट उंच, झुपकेदार मिशांचा, कोपरापर्यंत ग्रीस लागलेला एक माणूस मोटारीवर वाकला होता.

"माफ करा," वहिनी म्हणाली, "इथे खारूताई म्हणून कोणी आहेत का?"

माणूस सरळ झाला. आधी कानापर्यंत लाल झाला, मग मिशीतल्या मिशीत म्हणाला, "मीच."

वन्संना हा आवाज दुकानाच्या छपराजवळून आल्यासारखा वाटला असणार. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायचे थांबेनात. आतल्या टेबलापाशी बसलेल्या बाई तोवर बाहेर आल्या होत्या. "नाव मी ठेवलंय," त्या म्हणाल्या. "चोवीस तास शाफ्टमध्ये वर आणि खाली, वर आणि खाली. खार नाही तर काय म्हणू? या, बसा. तुम्ही नाव वाचून आलात म्हणजे तुम्हाला ते कॉम्प्युटरवालं हवंय. हे त्याबद्दल कोणाला सांगतही नाहीत, लाजतात."

पत्रं मिळाली नव्हती. पॅकेजवरचा ईमेल पत्ता त्यांच्या जुन्या कंपनीचा होता आणि ती कंपनी बंद पडून चार वर्षं झाली होती. पॅकेजची कथाही साधीच होती. लिफ्टच्या बटणांशेजारी ब्रेलच्या पट्ट्या लावायचा नियम आला, तेव्हा त्यांनी ठिपक्यांचा तक्ता पाठ करून पट्ट्या ठोकणाऱ्या यंत्रासाठी हा कोड लिहिला. एका मित्राने सांगितलं, भांडारात ठेव, हरवणार नाही. म्हणून ठेवला. पुढे बटणं लहान झाली, पट्टीवर जागा उरेना, तेव्हा खूण काढून टाकली. "लिफ्टमध्ये आकडेच असणार, कोणालाही कळेल," ते म्हणाले. "आणि बाई, तो माझ्याशिवाय वापरतंय कोण? मी आकडा एकचा दोन केला तोही नियमात लिहिलंय म्हणून."

वहिनीने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि भांडारातलं पान त्यांच्यासमोर धरलं. "इथे बघा. तुमच्या पॅकेजवर किती पॅकेजं अवलंबून आहेत ते."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "तीनशे सत्तेचाळीस?"

"आणि त्या प्रत्येकावर आणखी. ब्रेल छपाई, औषधांच्या डब्यांची लेबलं, वाचनालयं. तुम्ही गेली नऊ वर्षं इतक्या लोकांचे आकडे लावताय."

ते पालथ्या घातलेल्या एका पिंपावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती की आनंद, ते वहिनीला ठरवता येईना. बहुतेक दोन्ही असावं. त्यांनी बायकोकडे बघितलं. "ऐकलंस? तीनशे सत्तेचाळीस."

"ऐकलं," बाई म्हणाल्या. "मिशी पुसा, ग्रीस लागलंय."

वहिनी आता खुणेचं सांगणार, एवढ्यात वन्सं बोलल्या. बोलणं चालू असताना त्यांचे हात गप्प बसले नव्हते. टेबलावर बटणांची एक पट्टी तयार पडली होती, ती त्यांनी वरून खाली चाचपली होती. आता त्यांनी ती पुन्हा चाचपली.

"हं," वन्सं म्हणाल्या.

वहिनी ताठ झाली. तो "हं" ती ओळखत होती.

"खारूताई, ही पट्टी कशाची?"

"चार मजली इमारत आहे, आजी..."

"आजी नको. वन्सं म्हणा, सगळे म्हणतात. मी वाचते, तुम्ही सांगा बरोबर का. वरून द, च, ब, अ, ग, ब."

"बरोबर. चार, तीन, दोन, एक. मग ग्राउंडचा ग आणि बेसमेंटचा ब."

"मग यातला दुसरा मजला कुठला?"

"तो वरून तिसरा, ब..." ते बोलता बोलता थांबले. खुणेशिवाय दोन म्हणजे ब आणि बेसमेंटही ब. दोन्ही जागी तेच दोन ठिपके, एकाखाली एक.

"व्हायोलिनवाले मास्तर!" ते ओरडले आणि पिंपावरून उठले. "अगं, मास्तर! ते वेडे नव्हते!"

त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारला, आणि मग दोघांनी मिळून, एकमेकांची वाक्यं तोडत, ती हकीकत सांगितली. एका इमारतीत व्हायोलिन शिकवणारे एक अंध मास्तर दर मंगळवारी दुसऱ्या मजल्यावर शिकवणीला येत आणि दर मंगळवारी बेसमेंटमध्ये पोहोचत. तक्रार आली की खारूताई जायचे, बटण तपासायचे, वायरिंग तपासायचं. तीनदा अख्खं पॅनेल बदललं. दोष सापडेना. शेवटी मास्तरांच्याच वयाला बोल लावून सगळे गप्प बसले होते.

"माझ्या पट्टीनेच त्यांना खाली पाठवलं. दोन वर्षं!" ते म्हणाले. आवाजात शरम होती, पण इतक्या दिवसांचं कोडं सुटल्याचा आनंद तिच्या वरताण होता. "वन्सं, तुम्ही आधी का नाही आलात हो?"

"आम्हाला आधी कुठे ठाऊक होतं, की तुम्ही बाई नाही," वन्सं म्हणाल्या.

मग काम सुरू झालं. त्यांनी हात धुतले, अगदी कोपरापर्यंत, आणि वहिनीच्या शेजारी बसले. वहिनीने एक गोष्ट आधीच स्पष्ट केली. खूण परत आपोआप लागायला लागली, की दोन नंबरवर विसंबलेल्यांचं काहीतरी मोडणार. म्हणून हे गुपचूप दोनमध्ये घुसडायचं नाही. पहिला आकडा वाढवायचा. तीन. यंत्राच्या पॅकेजला दोन किंवा वरचं चालतं, ब्रेलच्या पॅकेजला कुठलंही, म्हणजे दोघंही तीनवर राजी. आणि चिठ्ठीत ठळक लिहायचं, काय बदललं, का बदललं आणि ज्यांना खूण नकोच असेल त्यांनी काय करायचं.

"आणि दशांश?" तिने विचारलं. "मी खूण लावली तेव्हा साडेतीनमध्ये ती दोनदा आली."

"त्या ओळीला हात लावला असणार तुम्ही. ती ओळ मलाही दोन रविवार पुरली होती." त्यांनी एका जागी बोट ठेवलं, चार शब्द बदलले. जिथे वहिनीने मंगळवार अख्खा घालवला होता, तिथे लिहिणाऱ्याला चार शब्द लागले.

तपासायला छपाईचं यंत्र नव्हतं, पण पट्ट्या ठोकणारं यंत्र होतंच. वहिनी आकडे सांगत गेली, खारूताई ठोकत गेले आणि वन्सं गरम पट्ट्या हातात घेऊन वाचत गेल्या. तेवीस. चारशे. साडेतीन. तारखा. वजा सात. दोनदा त्या "हं" म्हणाल्या आणि दोनदा कोड सुधारला. तिसऱ्या फेरीत त्या काहीच बोलल्या नाहीत. नुसतीच पट्टी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "चहा मिळेल का?"

पावणेपाचला तिसरी आवृत्ती भांडारात गेली. वहिनीने छापखान्यात फोन लावला. यंत्रवाले काकांनी तिने सांगितलेली एक ओळ दोनदा चुकीची टाइप करून तिसऱ्यांदा बरोबर केली. मग फोनमधून यंत्राचा खडखडाट ऐकू आला. मग कागद फाडल्याचा आवाज. मग काकांचं "सर, हे घ्या."

"सर?" वहिनीने विचारलं. "सर, आहात ना?"

"प्रश्न पहिला," मुख्याध्यापकांचा आवाज आला, सावकाश, एकेक शब्द चाखल्यासारखा. "बेरीज करा. तेवीस अधिक चौदा."

शेडमध्ये जो आरडाओरडा झाला त्याने पलीकडच्या दुकानातला माणूस काय पडलं ते बघायला धावत आला. खारूताईंनी त्यालाही आत घेतलं आणि तीनशे सत्तेचाळीसचा आकडा सांगितला. त्याला काही कळलं नाही, पण त्याने अभिनंदन केलं. वन्संना चाचणीच्या लिफ्टमध्ये बसायचं होतं. त्यांना बसवलं. त्या छपरापर्यंत गेल्या, खाली आल्या, "पुन्हा," म्हणाल्या, आणि चार फेऱ्या झाल्यावरच उतरल्या.

निघताना खारूताईंनी वहिनीला दारापाशी थांबवलं. "एक विचारू? याचा पासवर्ड फक्त माझ्या एका वहीत आहे. मी रोज शाफ्टमध्ये उतरतो. आता तीनशे सत्तेचाळीस म्हटल्यावर मला झोप नाही लागायची. तुम्ही सांभाळायला याल माझ्याबरोबर? दुसरं नाव लावता येतं तिथे."

वहिनी हो म्हणाली. कोणी इतकं मोठं काहीतरी इतक्या सहज तिच्या हातात दिलं नव्हतं. "पण एका अटीवर," ती म्हणाली. "वन्संनी वाचल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही."

"ते कोण जाऊ देतंय," वन्सं म्हणाल्या.

शुक्रवारी पेपर छापले, एकतीसच्या एकतीस. वहिनीने त्याआधी लॉक फाइल केली, दोनशे चौदाही जणांची नेमकी आवृत्ती त्यात नोंदली आणि तिच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. एक मुख्याध्यापकांच्या कपाटात. त्यांनी ती कुलूप लावून ठेवली आणि किल्ली कुठे ठेवली ते विसरले, पण आणखी दोन होत्याच. शनिवारी खारूताईंचा फोन आला. मास्तरांच्या इमारतीत नवी, जरा रुंद पट्टी बसवली होती. मास्तर खास पट्टी वाचायला येऊन एका झटक्यात दुसऱ्या मजल्यावर पोहोचले आणि त्यांनी रागवायच्या ऐवजी वेगळीच चिंता काढली. बेसमेंटच्या पहारेकऱ्याशी त्यांची दोन वर्षांत चांगलीच दोस्ती झाली होती. आता त्याला कधी भेटायचं? शेवटी मंगळवारी अर्धा तास लवकर यायचं ठरलं.

सोमवारी पेपर झाला. वहिनी आणि वन्सं वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभ्या होत्या. घंटा झाली आणि मुलं भडाभडा बाहेर आली. अवघड होता, लांब होता, अपूर्णांक इतके कशाला घातले, अशी तक्रारींची नुसती सरबत्ती. वहिनी एकेक तक्रार कान देऊन ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू आवरत नव्हतं. ठिपक्यांबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं.

एक दोन वेण्यांची मुलगी सरळ चालत आली. "वन्सं, सातव्या प्रश्नात चूक आहे."

वन्संचा चेहरा ताठरला. "माझ्या पानात?"

"खोलीचं क्षेत्रफळ काढा म्हटलंय. लांबी दिलीय, रुंदी दिलेलीच नाही."

वन्संनी तिच्या हातातला पेपर ओढूनच घेतला. सातव्या प्रश्नावर बोटं फिरवली. परत फिरवली. ठिपका न ठिपका बरोबर होता, आकडे जागच्या जागी, खुणा जागच्या जागी. रुंदी मात्र खरंच नव्हती. पेपर मुख्याध्यापकांनी स्वतः काढला होता.

मुख्याध्यापक वर्गाच्या दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातातला रुमाल त्यांनी एकदा घडी केला, एकदा उलगडला.

"सर," वन्संनी हाक मारली, "तुमच्या खोलीला भिंती किती?"

आधी ती मुलगी हसली, मग सगळा व्हरांडा. मुख्याध्यापकही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि सातव्या प्रश्नाचे पाच गुण एकतीस जणांना तिथेच, उभ्या उभ्या देऊन टाकले.